मेंदूचा रिपोर्ट आणि मुलाचे ऐकणे

‘मॅडम, याच्या मेंदूला बोलणे उमगतच नाही, असे रिपोर्टमध्ये आले आहे,’ असे म्हणत पालक माझ्यापुढे फाइल उघडतात, आणि हे आता वारंवार होऊ लागले आहे. बहुतेकदा मुलाची श्रवणचाचणी ठीक असते, बेरा (आवाजाचा संदेश कानाच्या नसेतून मेंदूकडे पोहोचतो का, हे पाहणारी चाचणी) हाही ठीक असतो. अडते ते पुढच्या एखाद्या चाचणीत, जिथे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदू आवाजांतला फरक टिपतो का हे पाहिले जाते.

आठ वर्षांच्या एका मुलाच्या आई अशाच आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वर्गात बाईंचे बोलणे त्याला अर्धवट कळत असे. रिपोर्टमधल्या ‘एमएमएन आढळला नाही’, म्हणजे आवाजांतला फरक टिपल्याचा मेंदूचा प्रतिसाद दिसला नाही, या ओळीखाली आईंनी पेनाने दोनदा रेघ मारली होती आणि तेव्हापासून त्याला रात्री गोष्ट सांगणे थांबवले होते. ‘कळणारच नसेल तर कशाला छळायचे त्याला?’ त्या म्हणाल्या.

घटनेपेक्षा तिच्याविषयीचा ठाम समज माणसाला अधिक दुखावतो, असे मानणाऱ्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेत मी काम करते. त्यामुळे आईंची समजूत घालण्याआधी ती ओळ नेमके काय सांगते, हे आम्ही पाहिले. बेरामध्ये आवाजानंतरच्या पहिल्या दहा मिलिसेकंदांत श्रवणनस आणि मस्तिष्कस्तंभातून उमटणाऱ्या लहरी मोजतात. त्यातली पाचवी लहर झोपेतही टिकते आणि चाचणी पुन्हा केली तरी जवळपास त्याच जागी येते, म्हणून तान्ह्या बाळांसाठी ही चाचणी मोलाची आहे. मात्र शब्द समजतात की नाही, हे तीही सांगत नाही. फिनलंडच्या रिस्तो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेला एमएमएन, म्हणजे सारख्या आवाजांच्या मालिकेत मध्येच आलेल्या वेगळ्या आवाजाला मेंदू देतो तो प्रतिसाद, इतका क्षीण असतो की तेच आवाज शेकडो वेळा ऐकवून सरासरी काढावी लागते. गटाच्या सरासरीत तो बऱ्यापैकी भरवशाने दिसतो; पण एकेका व्यक्तीत तो खेपेगणिक बदलू शकतो, आणि उत्तम ऐकणाऱ्या काहींतही स्पष्ट सापडत नाही.

आईंना हे पटत होते, पण पचत नव्हते. मग मी मुलालाच विचारले, ‘चाचणीच्या वेळी काय काय झाले?’

‘आवाज बंद करून कार्टून लावले होते. डोक्याला ते चिकट लावलेले, त्याची खाज येत होती, म्हणून मी मान हलवत होतो. काका म्हणाले, हलू नकोस. मग म्हणाले, आता एकच राउंड राहिला, पण त्यांनी अजून दोन घेतले.’

आई थबकल्या. ‘म्हणजे त्यांचे सगळे बोलणे याला कळत होते?’

मी गप्प राहिले, कारण हा निष्कर्ष त्यांचा त्यांनीच काढायला हवा होता. ज्या खोलीत त्याचा मेंदू बोलणे टिपत नाही असे नोंदले गेले, त्याच खोलीतल्या सूचना त्याने क्रमाने सांगितल्या होत्या, आणि मान हलल्याने नोंदी गढूळ होतात हेही सोबत उघड झाले होते. असा क्षण घाई न करता येऊ देणे, हे माझ्या कामातले कमावलेले कौशल्य आहे असे मी समजते.

तरीही त्याची अडचण खरी होती. मी रस्त्याकडची खिडकी उघडली, तेव्हा तो दर वाक्याला ‘काय?’ विचारू लागला. त्याला शांततेत कळत होते, गोंगाटात निसटत होते. म्हणून मी त्याला ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) परत पाठवले: आधी मध्यकर्णात पाणी साचले आहे का ते पाहण्यासाठी, मग गोंगाटात शब्द ओळखण्याच्या चाचणीसाठी. शाळेत त्याला पंख्यापासून दूर, पुढच्या बाकावर बसवण्याची विनंती केली. गोष्टी मात्र त्याच रात्रीपासून सुरू करा, असे आईंना बजावले.

असा रिपोर्ट हाती आलेल्या पालकांनी तपासणाऱ्यांना निःसंकोच विचारावे, की लहर दोनदा नोंदवून जुळवली का, मूल त्या वेळी जागे आणि स्थिर होते का, आणि तुलना त्याच वयाच्या मुलांशी केली का. रिपोर्ट फेकूनही देऊ नये. काही मुलांना आवाज ऐकू येतो, पण त्यांच्या बेरामध्ये लहरीच उमटत नाहीत. त्यांच्या श्रवणनसेचा स्वतंत्र तपास वेळ न दवडता व्हायला हवा.