जीएमडीएसएस (जहाजांसाठीची जागतिक सागरी संकट व सुरक्षा संपर्कव्यवस्था) जनरल ऑपरेटरच्या परीक्षेसाठी जुने प्रश्नसंच पाठ केले, तर पुरेसे आहे का?

तुमचा अभ्यासक्रम संपत आला आहे, परीक्षा जवळ आहे आणि ऐरोलीहून नेरूळला येता-जाता तुम्ही जुने प्रश्नसंच वाचत आहात, असे तुम्ही लिहिले आहे. लेखी भागापुरता त्यांचा उपयोग नक्की होईल. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत मात्र परीक्षक आकडा विचारून झाला की लगेच त्याचे कारण विचारतो आणि केवळ पाठांतर केलेला उमेदवार तिथेच अडखळतो. मी हे प्रमाणपत्र घेऊन जहाजावर काम केले आहे, आता नवी मुंबईत परीक्षार्थींना शिकवतो आणि त्या अनुभवावरून लिहीत आहे.

फ्रिक्वेन्सी पाठ करताना प्रत्येकीला ‘माझी हाक कोणी ऐकावी?’ हा प्रश्न जोडावा. व्हीएचएफच्या, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओच्या, चॅनेल ७० वर फक्त डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग, म्हणजे डीएससी (बोलण्याऐवजी डिजिटल संकेताने दिलेली हाक) चालते. तिथे बोलायचे नसते, बोलणे चॅनेल १६ वर होते. मध्यम पल्ल्यासाठी हीच जोडी २१८७.५ आणि २१८२ किलोहर्ट्झ अशी आहे. ए१ ते ए४ ही सागरी क्षेत्रेसुद्धा कोणत्या साधनाने किनाऱ्याशी संपर्क साधता येतो, यावरूनच ठरलेली आहेत. हे एकदा उमजले की अर्धा तक्ता आपोआप लक्षात राहतो.

सर्वांत जास्त वेळ डीएससीवर द्या, कारण तोंडी परीक्षेतील अवघड प्रश्न बहुधा इथूनच येतात. समजा, दुसऱ्या जहाजाचा संकटसंदेश तुमच्या व्हीएचएफ संचावर आला. डीएससीने लगेच पोच द्यावी, असे नवख्याला वाटते. परंतु संकटग्रस्त जहाजाचा संच पोच मिळेपर्यंत साधारण साडेतीन ते साडेचार मिनिटांच्या अंतराने संदेश पुन्हा पाठवत असतो आणि तुमच्या पोचेने ती पुनरावृत्ती थांबते. त्यामुळे किनाऱ्यावरील केंद्राने संदेश ऐकलेलाच नसेल, तर त्याला तो पुढेही ऐकू येत नाही. म्हणून डीएससीची पोच प्रथम किनारा केंद्राने द्यायची आणि जहाजाने चॅनेल १६ वर कान ठेवून आवाजी पोच द्यायची, हा क्रम आहे. हे कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर परीक्षकाचे पुढचे दोन-तीन प्रश्न सोपे होतात.

चुकून गेलेला संकटसंदेश रद्द करण्याची पद्धतही तोंडपाठ हवी. व्हीएचएफवर असे घडल्यास चॅनेल १६ वर सर्व केंद्रांना उद्देशून जहाजाचे नाव, कॉल साइन (रेडिओवरील ओळखचिन्ह) आणि एमएमएसआय (जहाजाच्या रेडिओचा नऊ अंकी ओळखक्रमांक) सांगून, अमुक वेळेचा संदेश रद्द समजावा, असे स्पष्ट जाहीर करावे. ही घोषणा आणि ‘मेडे’चा, म्हणजे संकटाच्या आवाजी हाकेचा, पूर्ण संदेश मोठ्याने उच्चारून सराव करावा, मनातल्या मनात म्हणून भागत नाही. संकेताक्षरांसाठी, म्हणजे रेडिओवर प्रत्येक अक्षरासाठी ठरलेल्या शब्दांसाठी, पाम बीच रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक वाचत जा. एमएच ४३ दिसले की ‘माइक हॉटेल फोर थ्री’ अडखळल्याशिवाय तोंडातून आले पाहिजे.

उपकरणांचे आकडे थोडे आहेत: ईपीआरबीची (उपग्रहामार्फत संकटाची सूचना देणाऱ्या बीकनची) बॅटरी ४८ तास, सार्टची (शोध घेणाऱ्यांच्या रडारला उत्तर देणाऱ्या उपकरणाची) सज्ज स्थितीत ९६ तास आणि त्यानंतर रडारला उत्तर देताना ८ तास चालली पाहिजे. सार्टच्या उत्तरामुळे रडारच्या पडद्यावर १२ ठिपक्यांची रेघ उमटते, हेही विचारले जाते. आणीबाणीचे जनरेटर असलेल्या जहाजात राखीव वीजस्रोत १ तासाचा आणि नसलेल्या जहाजात ६ तासांचा लागतो. हा फरक कशामुळे, हे सांगायची तयारी ठेवा.

तुमच्याकडील प्रश्नसंच कोणत्या वर्षाचा आहे, तेही तपासून घ्या. १ जानेवारी २०२४ पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या प्रकरणातील सुधारणा लागू झाल्या असून ए३ क्षेत्राची व्याख्या आता केवळ इन्मारसॅट या उपग्रहसेवेशी बांधलेली नाही. त्यापूर्वीच्या संचातील ए३विषयीची उत्तरे आपल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्याशिवाय पाठ करू नयेत.