बरणीतली पिल्लं कोण खातंय?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही मालवण तालुक्यात राहतो. मुलाच्या हट्टापायी दोन फुटी टॅंक घेतला, गप्पी सोडले. गणपतीत माहेरी गेले होते तेव्हा तिथल्या देवळाच्या तळीतली थोडी पाणवनस्पती घेऊन आले. पुढे गप्पीने पिल्लं घातली तशी ती काढून काचेच्या मोठ्या बरणीत ठेवली, आणि लपायला म्हणून त्याच वनस्पतीच्या दोनचार काड्या टाकल्या. १४ पिल्लं होती, आता ५ आहेत, पण मेलेलं एकही दिसलं नाही! नीट बघितलं तर बरणीत पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारतायत, काचेला हिरवट धागे चिकटलेत आणि हात लावला की त्यांचा गोळा होतो, तळाच्या वाळूत केसासारखे पांढरे किडे वळवळतायत, आणि एकदा एक बारकी काडी चक्क पायांनी चालताना दिसली, मग गायब. सासूबाई म्हणतात, ‘ह्या सगळा ओतून टाक गो, नारू होतलो.’ काय करू?

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, काही ओतू नका. तुमचं पाणी खराब झालेलं नाही, त्यात तळी आलीय एवढंच. आणि तुम्ही किती छान बघितलंय, कोण उडी मारतं, कोण गोळा होतं, कोण चालतं हे सगळं लिहिलंत त्यामुळे माझं निम्मं काम झालं. एवढ्या बारक्या जिवांचा रंग फसवतो, चाल फसवत नाही.

सासूबाईंपासून सुरुवात करू, कारण त्यांची भीती उगाच नाही. टुणटुण उड्या मारणारे ते ठिपके म्हणजे सायक्लॉप्स. बरणीमागे काळा कागद धरा, बाजूने टॉर्च मारा आणि भिंगातून बघा, थेंबासारखं अंग दिसेल, पुढे एकच डोळा, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबताना दिसतील. नारू म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा दोऱ्यासारखा जंत, पूर्वी त्याच्या अळ्या याच सायक्लॉप्समधून पाण्यावाटे माणसाच्या पोटात जायच्या, म्हणून पाणी फडक्याने गाळून प्यायला सांगायचे. पण सायक्लॉप्स स्वतः रोग करत नाही, त्याच्या पोटात नारूची अळी असली तरच धोका, आणि आपल्या देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मधला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. सासूबाईंना हे जरूर सांगा आणि त्यांना भिंगातून त्या पिशव्या पण दाखवा. पिल्लांसाठी सायक्लॉप्स म्हणजे फुकटचा खाऊ आहे.

वाळूतले केसासारखे किडे निरुपद्रवी, गांडुळाच्या नात्यातले. ते वाढलेत याचा अर्थ खाणं जास्त पडतंय. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, तळ पाईपने ओढून घ्या, आपोआप कमी होतील.

आता हिरवट धागे. हा हायड्रा, शाळेच्या पुस्तकातला जलव्याल! दहावीला मुकुलायन शिकताना ज्याची आकृती काढतो तो खराखुरा तुमच्या बरणीत आलाय, तर मुलाला आधी दाखवा, काही जणांच्या अंगाला बाजूने छोटं पिल्लू फुटलेलं सुद्धा दिसेल. खाली पायाने चिकटलेला, वर चारसहा बारीक शुंडकं पसरून बसतो, आणि सायक्लॉप्स त्या शुंडकांना लागला की डंख मारून गिळतो. पण त्याला काचेवर चिरडू नका हां, तो आपल्या रक्तबीजासारखा आहे, तुकड्यातून पुन्हा अख्खा होतो, ट्रेंब्ले नावाच्या निसर्ग अभ्यासकाने हे १७४० च्या दशकात तुकडे करून करून दाखवलं होतं. ड्रॉपरने एकेक ओढून काढा. जंताचं औषध टाका असं कोणी सुचवेल, पण त्याने गोगलगाई मरतात, आणि चारदोन हायड्रांसाठी मी तरी ते वापरणार नाही. अगदी इवलंसं पिल्लू तो पकडू शकतो हे खरं, पण ९ पिल्लं गायब व्हायला हायड्रा कारण असेल असं मला वाटत नाही.

माझा संशय त्या चालणाऱ्या काडीवर आहे. सहा पाय, आणि शेपटीला पिसासारख्या तीन पात्या असतील तर ती टाचणीची अळी. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, तळीकाठी पंख मिटून बसते ती. तिची अळी पाण्यात वाढते, तासन्‌तास वनस्पतीला बिलगून गप्प बसते, आणि हनुवटीखाली दुमडून ठेवलेला जबडा झटकन पुढे फेकून शिकार धरते. मागे माझ्याकडेही असंच झालं होतं, मी आठवडाभर फिल्टरला दोष देत बसलो आणि ही बया फिल्टरच्याच पाईपला चिकटलेली होती!

तर आजच वनस्पती बाहेर काढा, पांढऱ्या ताटात पाणी घेऊन त्यात पसरा आणि हलकेच झटका, पांढऱ्यावर काडी चालायला लागली की लगेच कळतं. एक सापडली म्हणून थांबू नका. मारू मात्र नका, मोठी झाली की ती डासच खाणार आहे, माहेरी जाल तेव्हा तळीत सोडा, तोवर वेगळ्या वाटीत सायक्लॉप्सवर जगेल. फक्त तिच्याबरोबर गप्पी किंवा टॅंकचं पाणी तळीत जाऊ देऊ नका, गप्पी आपल्याकडचा नाही, दक्षिण अमेरिकेकडचा आहे, तळीतल्या आपल्या बारक्या माशांना तो त्रास देतो.

आणि पुढच्या वेळी वनस्पती नुसती धुऊन भागणार नाही, कारण टाचणी देठाच्या आत अंडी घालते. तीनचार आठवडे बादलीत वेगळी ठेवा, काय काय निघतं ते बघा, मगच टॅंकमध्ये टाका.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचा चिऱ्याचा हौद आहे, त्याच्या तळाला लालभडक किडे झालेत, चिखलाच्या नळीत राहतात. रक्त पिणारे आहेत का? टॅंकमधल्या माशांना दिले तर चालतील?

उत्तर : रक्त वगैरे काही पीत नाहीत. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या या अळ्या, दुकानात ब्लडवर्म म्हणून विकतात त्याच. तळाच्या गाळात प्राणवायू कमी, तो धरून ठेवायला त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून लाल. मासे तुटून पडतात, पण हौदात सांडपाणी किंवा बागेतलं औषध उतरत नसेल तरच द्या, चांगल्या पाण्यात दोनतीनदा धुवा, आणि आठवड्यातून एकदोनदाच, रोज नको.