वाचकांचे प्रश्न : ब्राझीलची माणसं आणि ब्राझीलच्या कंपन्या

गेल्या अंकातल्या ब्राझीलवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एका गाइडमध्ये ब्राझीलची लोकसंख्या २०.३ कोटी आहे, दुसऱ्यात २१.३ कोटी आणि एका जुन्या पुस्तकात २१.५ कोटी. लोकसंख्या वाढतेय म्हणतात, मग मधेच कमी कशी झाली? परीक्षेत काय लिहायचं? (विद्यार्थिनी, लातूर)

कमी झालेली नाही. हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या मार्गांनी आले आहेत.

२०.३ कोटी हा जनगणनेचा आकडा, म्हणजे घरोघर जाऊन मोजलेला. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२२ च्या मधल्या रात्री देशात किती माणसं होती, हे त्यात मोजलं गेलं. दुरुस्त्यांनंतरचा आकडा २०,३०,८०,७५६. आधी, जून २०२३ मध्ये, २०,३०,६२,५१२ असा आकडा जाहीर झाला होता. काही पुस्तकांत तोच राहून गेला आहे.

२१.५ कोटी हा २०१८ साली मांडलेल्या गणिताचा आकडा. ब्राझीलची सांख्यिकी संस्था आयबीजीई दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांसाठी जन्म, मृत्यू आणि स्थलांतर धरून अंदाज काढते. या अंदाजाचा पाया २०१० ची जनगणना होती. मधे, २०१५ साली, एक छोटी गणना व्हायची होती, ती पैशांअभावी रद्द झाली. २०२० ची जनगणना कोविडमुळे आणि २०२१ ची पुन्हा पैशांमुळे पुढे गेली. बारा वर्षं जमिनीवरची मोजणीच नाही आणि दरम्यान जन्मदर अंदाजापेक्षा झपाट्यानं उतरला. त्यामुळे गणित फुगत गेलं.

२१.३ कोटी हा १ जुलै २०२५ साठीचा अंदाज, नेमका २१,३४,२१,०३७. आता हा जनगणनेपेक्षा एक कोटीनं जास्त कसा? तीन वर्षांत एवढी वाढ झालेली नाही. जनगणनेनंतर आयबीजीईनं निवडक भागांत फेरमोजणी केली आणि किती माणसं सुटली ते तपासलं. बंद दारं, नकार, एकेका घरामागची दुसरी बिऱ्हाडं. ती भर घालून संस्थेनं २०२२ चीच लोकसंख्या सुमारे २१.०९ कोटी धरली, म्हणजे मोजलेल्यापेक्षा जवळपास ७८ लाख जास्त. पुढचे अंदाज त्या पायावर उभे आहेत.

तेव्हा ‘जनगणनेनुसार’ असं विचारलं असेल तर २०.३ कोटी, ‘सध्याची अंदाजे’ असं असेल तर २१.३ कोटी लिहा. दोन्ही ठिकाणी कंसात वर्ष टाका. २०१० ची जनगणना (१९.०८ कोटी) आणि २०२५ चा अंदाज यांची वजाबाकी करून वाढीचा दर मात्र काढू नका; मोजलेला आकडा दुरुस्त आकड्यातून वजा केला की दर उगाच फुगतो. जनगणना ते जनगणना हिशेब केला तर वाढ वर्षाला ०.५२ टक्के, १८७२ च्या पहिल्या जनगणनेपासूनची सर्वांत कमी.

मूळ पोर्तुगीज तक्ते उघडणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे हजारांनंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो. ‘२०३.०८०.७५६’ म्हणजे वीस कोटी तीस लाख, आणि ‘१,५७’ म्हणजे एक दशांश सत्तावन्न. तक्ता एक्सेलमध्ये जसाच्या तसा चिकटवला की निम्मे रकाने चुकतात आणि चूक लवकर लक्षातही येत नाही.

प्रश्न : आकडा कमी आला म्हणून तिथले महापौर कोर्टात गेले, असं वाचलं. आकड्यानं त्यांचं काय बिघडतं? (वाचक, पुणे)

पैसे बिघडतात. केंद्राच्या करांतला ठरावीक हिस्सा नगरपालिकांना लोकसंख्येच्या टप्प्यांप्रमाणे मिळतो. राज्यांच्या राजधान्या सोडून इतरांसाठी पहिला टप्पा १०,१८८ रहिवाशांपर्यंत, त्याचा गुणक ०.६. त्याहून एक माणूस जास्त निघाला की गुणक ०.८. म्हणजे १०,१८९ वा रहिवासी सापडला की पालिकेचा हिस्सा एक तृतीयांशानं वाढतो आणि हरवला की एक चतुर्थांशानं खाली येतो. जनगणनेत टप्पा घसरलेल्या पालिकांची संख्या मोठी होती, म्हणून २०२३ मध्ये कायदा करून ही कपात दहा वर्षांत विभागून दिली.

प्रश्न : ब्राझील ८७ टक्के शहरी आहे, हे पटत नाही. एवढं जंगल, एवढी शेती, मग खेडी कुठे गेली? (भूगोल शिक्षक, नंदुरबार)

शंका रास्त आहे. २०२२ चा अधिकृत आकडा ८७.४ टक्के, म्हणजे सुमारे १७ कोटी ७५ लाख माणसं शहरी. पण ‘शहरी’ कुणाला म्हणायचं, हे तिथे कायद्यानं ठरतं. देशात साडेपाच हजारांहून थोड्या जास्त नगरपालिका आहेत आणि त्यांच्या हद्दीत शेतं, कुरणं, जंगल सगळं येतं. पालिकेचं मुख्य ठाणं म्हणजे शहर, ही व्याख्या १९३८ च्या हुकुमापासून चालत आलेली. ठाण्याची वस्ती किती, लोक काय करतात, याला महत्त्व नाही. मीनास जेराइस राज्यातल्या सेर्रा दा साउदादी या पालिकेची लोकसंख्या २०२२ मध्ये ८३३ होती, देशात सर्वांत कमी. तिलाही महापौर आहे, नगरसेवक आहेत, आणि तिच्या ठाण्यात राहणारा माणूस हिशेबात शहरी धरला जातो.

आपल्याकडची कसोटी याच्या उलट कडक आहे. वैधानिक नगर (कायद्यानं जाहीर झालेलं) नसेल तर किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० ची घनता आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, या तिन्ही अटी लागतात. म्हणून २०११ च्या जनगणनेतला महाराष्ट्राचा ४५.२ टक्के आणि ब्राझीलचा ८७ टक्के शेजारीशेजारी लिहून वर्गात निष्कर्ष काढायला लावू नका. खुद्द आयबीजीईनं २०१७ मध्ये घनता आणि शहरापासूनचं अंतर धरून वेगळी वर्गवारी केली, तेव्हा प्रामुख्यानं शहरी पालिकांत राहणारी लोकसंख्या ७६ टक्के निघाली. तो हिशेब २०१० च्या माहितीवरचा होता, आणि त्या वर्षीचा अधिकृत आकडा ८४.४ टक्के होता. म्हणजे देश खूपच शहरी आहे, फक्त अधिकृत आकडा थोडा चढा आहे.

खेडी ओसरली तीही एका पिढीत. १९४० मध्ये ३१ टक्के शहरी, १९६० मध्ये ४५, १९७० मध्ये ५६, १९९१ मध्ये ७६. ईशान्येच्या कोरड्या पट्ट्यातले दुष्काळ, साओ पावलोभोवतीची मोटार आणि पोलाद कारखानदारी, कॉफीच्या मळ्यांच्या जागी आलेली यंत्रावरची सोयाबीन शेती, ही ठळक कारणं. एक कारण पुस्तकांतून सुटतं. १९६३ मध्ये शेतमजुरांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि मळेमालकांनी मळ्यावरच घर करून राहणारे मजूर काढायला सुरुवात केली. ते गावाच्या कडेला येऊन राहिले आणि तिथून रोजंदारीवर त्याच मळ्यांत जाऊ लागले. काम शेतीचंच, नोंद शहरी.

शहरात आलेल्यांना जागा मिळालीच असंही नाही. २०२२ मध्ये १ कोटी ६४ लाख लोक, म्हणजे ८.१ टक्के, फावेलांत (तिथल्या झोपडपट्ट्यांत) राहत होते. चित्रांत रिओच्या डोंगरावरची फावेला दिसते, पण अमेझॉनमधल्या मानाउस आणि बेलेंमसारख्या शहरांतलं फावेलांचं प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे.

प्रश्न : ब्राझीलची लोकसंख्या घटायला कधी लागणार? (वाचक, ठाणे)

आयबीजीईच्या २०२४ च्या गणितानुसार २०४१ मध्ये सुमारे २२ कोटी ४ लाखांचं शिखर, मग उतार, आणि २०७० मध्ये १९.९ कोटी. दर स्त्रीमागे मुलं २००० साली २.३२ होती, २०२३ मध्ये १.५७.

प्रश्न : ब्राझीलची सर्वांत मोठी कंपनी पेट्रोब्रास, जेबीएस, वाले की इताऊ बँक? प्रत्येक यादी वेगळी आहे. (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, नांदेड)

याद्या बहुतेक बरोबर असतात, फक्त कशात मोठी हे वर लिहिलेलं नसतं.

उलाढालीत तेल कंपनी पेट्रोब्रास पहिली. २०२४ ची विक्री सुमारे ४९,०८० कोटी रिआल (रिआल हे तिथलं चलन). दुसरी मांस उद्योगातली जेबीएस, सुमारे ४१,६९० कोटी. खनिज कंपनी वाले २०,६०० कोटींच्या आसपास. माणसं किती कामाला आहेत हे पाहिलं तर जेबीएस सगळ्यांच्या पुढे, जगभरात अडीच लाखांहून जास्त. मालमत्तेत मात्र बँकांशी कुणाची बरोबरी नाही, आणि त्यांत इताऊ वरची. बाजारमूल्यात पेट्रोब्रास, इताऊ, वाले आणि मोबाइलवर चालणारी नूबँक यांची अदलाबदल चालूच असते, म्हणून तारीख नसलेली बाजारमूल्याची यादी सरळ बाजूला ठेवावी.

फसायच्या जागा बऱ्याच. इंधन वाटप करणारी व्हिब्रा उलाढालीत फार वर दिसते, पण तिची विक्री म्हणजे बहुतांशी विकत घेतलेलं इंधन पुढे विकणं. नफा लिटरमागे थोडा. बँकांच्या ‘उत्पन्नात’ ढोबळ व्याज धरलेलं असतं. व्याजदर चढले (जून २०२५ मध्ये तिथला मूळ दर १५ टक्के झाला) की बँक काही न करता मोठी दिसते. काइशा ही देशातल्या सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक, पण पूर्ण सरकारी आणि शेअर बाजारात नाही, म्हणून बाजारमूल्याच्या यादीत तिचं नावच येत नाही. आणि ‘ब्राझीलची’ हा शब्दही सैल आहे. नूबँकची मूळ कंपनी केमन बेटांत नोंदलेली आणि न्यूयॉर्कच्या बाजारात आहे. जेबीएसनं २०२५ मध्ये मूळ कंपनी नेदरलँड्समध्ये नेली. बिअरवाली आम्बेव्ह तर बेल्जियमच्या कंपनीच्या ताब्यात आहे.

आमच्या मते अभ्यासासाठी उलाढालीची यादी घ्यावी, बँका वेगळ्या काढाव्यात आणि शेजारी निव्वळ नफ्याचा रकाना ठेवावा. पेट्रोब्रासचा नफा २०२३ मध्ये १२,४६० कोटी रिआल होता, २०२४ मध्ये ३,६६० कोटी. विक्री जेमतेम ४ टक्क्यांनी उतरली होती. उरलेल्या घसरणीत मोठा वाटा रिआल पडल्यामुळे डॉलरमधल्या देण्यांवर दाखवाव्या लागलेल्या तोट्याचा होता.

प्रश्न : पेट्रोब्रासचं बाजारमूल्य आणि डॉलरमधली विक्री मी स्वतः काढली. दोन्ही छापील आकड्यांशी जुळत नाहीत. (गुंतवणूकदार, मुंबई)

पेट्रोब्रासचे शेअर दोन प्रकारचे आहेत. मताचा हक्क असलेले साधे, सुमारे ७४४ कोटी, आणि प्राधान्य शेअर, सुमारे ५४५ कोटी. दोघांचे भाव वेगळे. प्रत्येकाचा गुणाकार स्वतंत्र करा, मग बेरीज. तुम्ही न्यूयॉर्कचा भाव घेतला असेल तर तिथे शेअरऐवजी त्यांच्या पावत्या (एडीआर) विकल्या जातात आणि एक पावती म्हणजे दोन शेअर; भाव आधी निम्मा करा, नाहीतर उत्तर दुप्पट येईल. वालेच्या बाबतीत एक पावती एकच शेअर, त्यामुळे एका कंपनीचं सूत्र दुसरीला लावू नका.

विक्रीसाठी वर्षाचा सरासरी दर घ्यायचा. २०२४ मध्ये तो डॉलरला ५.३९ रिआल होता, ३१ डिसेंबरचा ६.१९. सरासरीनं ४९,०८० कोटी रिआलचे सुमारे ९१ अब्ज डॉलर होतात, वर्षअखेरच्या दरानं ७९. तुमच्या पत्रातला ७९ चा आकडा तिथूनच आला आहे. ताळेबंदातल्या मालमत्तेला मात्र वर्षअखेरचाच दर लावायचा.

प्रश्न : वाले चीनपासून एवढी लांब, तरी तिथल्या बाजारात गोव्याच्या लोहखनिजाला मागे का टाकते? (वाचक, डिचोली)

लोहांशामुळे. वालेच्या काराजास खाणींतल्या खनिजात लोखंड ६५ टक्क्यांच्या आसपास, गोव्याचं बरंचसं ५८ च्या खाली. कमी लोहांशाच्या खनिजाला भट्टीत कोक जास्त लागतो, मळीही जास्त निघते. अंतराचा तोटा वाले आकारानं भरून काढते. काराजासहून ८९२ किलोमीटरवरच्या बंदराकडे ३३० वाघिणींची गाडी धावते आणि तिथून चार लाख टनांची जहाजं निघतात. आपल्याकडे बार्जमधून माल आणून जहाज भरायचं, आणि पावसाळ्यात तेही बंद.

प्रश्न : साओ पावलोच्या एका कंपनीनं आमच्या फाउंड्रीकडे ओतीव भागांची मागणी केली आहे. कंपनी खरी आहे का, हे कसं तपासावं? (लघुउद्योजक, कोल्हापूर)

आधी तिचा सीएनपीजे क्रमांक, म्हणजे कंपनीचा करनोंदणी क्रमांक, मागा. हा चौदा जागांचा असतो : पहिल्या आठ कंपनीच्या, पुढच्या चार शाखेच्या (मुख्यालय ०००१), शेवटचे दोन पडताळणीचे अंक. ब्राझीलच्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणीपत्रक फुकट दिसतं. त्यात स्थिती ‘आतिव्हा’ म्हणजे चालू हवी. ‘इनाप्ता’ (अपात्र) किंवा ‘बायशादा’ (बंद) दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. मग स्थापनेची तारीख, व्यवसायाचा प्रकार आणि पत्ता मागणीपत्राशी ताडून पाहा. दोन महिन्यांपूर्वी नोंदलेली, कपड्यांचा व्यवसाय दाखवणारी कंपनी कास्टिंग मागत असेल तर आगाऊ रकमेशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी गोष्ट बहुतेक जण विचारत नाहीत. ब्राझीलमध्ये आयात करायला ‘रादार’ नावाचा सीमाशुल्क परवाना लागतो आणि त्याला मर्यादा असते. लहान आयातदारांसाठी सहा महिन्यांत ५० हजार किंवा दीड लाख डॉलर. ग्राहकाची मर्यादा संपलेली असेल तर तुमचा कंटेनर सांतोस बंदरात अडकतो, भाडं रोज चढतं, आणि ९० दिवसांनंतर माल बेवारस धरला जाऊ शकतो. परवान्याचा प्रकार आणि शिल्लक मर्यादा लेखी घ्या.

बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या मालपावतीवर) ग्राहकाचा सीएनपीजे आणि मालाच्या तिथल्या वर्गीकरणाचे किमान पहिले चार अंक हवेत. या वर्गीकरणाचे पहिले सहा अंक आपल्या एचएस कोडसारखेच (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकासारखेच) असतात, शेवटचे दोन वेगळे. ते ग्राहकाकडूनच घ्या. आणि खोके, पॅलेट लाकडी असतील तर उष्णता प्रक्रियेचा गव्हाच्या कणसाचा शिक्का प्रत्येक पॅलेटवर ठळक उमटला आहे ना, ते माल भरण्याआधी स्वतः बघा. कंटेनरच्या तळाशी टेकू म्हणून घातलेले सुटे ओंडकेही लाकडातच मोजतात. त्यांवर शिक्का नसेल तर भाग कितीही चोख असले तरी लाकूड, आणि कधी कधी सगळी खेप, परत पाठवायची पाळी येते.