पोट साफ होत नाही, कॅन्सर तर नसेल ना मॅडम?

आमच्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या तोंडी हेच असतंय. एकाची गोष्ट सांगते, ओळखीचे तपशील बदललेत. खानापूरकडचा, बेळगावच्या उद्यमबागमध्ये फाउंड्रीत कामाला असलेला तिशीतला माणूस. पाय मोडला, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून संडासला चार-चार दिवस नाही. घरचे म्हणतात मनाला लावून घेतलंय, हा रात्रभर मोबाईलवर कॅन्सरचं वाचत बसायचा, झोप गेली, भूक गेली, आणि बायको म्हणाली आता तुम्हीच समजवा की ह्यांना.

मी गोळ्यांची पाकिटं मागितली. दुखण्याची गोळी ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं औषध.

आपल्या आतड्याच्या भिंतीत 10 कोटींच्या वर नसपेशी आहेत, त्या अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात आणि मग स्नायू आकुंचन पावून मळ पुढं सरकतो. अफूच्या जातीची औषधं मेंदूत वेदना कमी करतात तशीच ह्या नसपेशींवरच्या म्यू रिसेप्टरला (अशी औषधं जिथं बसतात ती जागा) पण चिकटतात, पेशीतलं पोटॅशियम बाहेर जातं, पेशी शांत पडते, अ‍ॅसिटिलकोलीन कमी सुटतं, आतडं मंदावतं, आतलं पाणी जास्त शोषलं जातं आणि मळ दगडासारखा होतो. म्हणजे नसा मेल्या नाहीत, दाबून ठेवल्यात. जुलाबावरची लोपेरामाइड नेमकं हेच करते, फक्त नेहमीच्या डोसला मेंदूपर्यंत पोचत नाही.

टेन्शनमध्ये सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनलीन हे रसायन पण ह्याच पेशींना दाबतं (काहींना उलट जुलाब लागतात, ते वेगळं). म्हणजे ह्याला गोळीही आणि भीतीही.

डॉक्टरांनी सांगितलं असेलही, पण कन्नडमध्ये, आणि हा नुसता मान डोलवून आला असणार! शेजारी म्हणालेले सवय झाली की होईल बरोबर. गुंगीची सवय होते हो, बद्धकोष्ठाची फारशी होत नाही. आणि नुसता इसबगोल खाऊन चालत नाही, आतडं हलतच नसेल तर चोथा वाढून उलट अडकतंय.

गोळी स्वतःहून बंद करू नका म्हटलं आणि परत डॉक्टरांकडं पाठवलं, ह्यावेळी मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या मेहुण्याला घेऊन. त्यांनी डोस कमी केला, सोबत रेचक दिलं, आठवड्याभरात पोट सुटलं. झोपेवर मात्र आम्ही दोन महिने काम केलं, कारण खरी धास्ती कामावरून काढतील ह्याची होती.

शौचातून रक्त, वजन उतरणं, पोट फुगून उलट्या असं काही असेल तर माझ्याकडं नको, सरळ दवाखान्यात जा.