बागेचे प्रश्न : पानांना लाल रंग कसा येईल?

प्रश्न : काश्मीरला चिनाराची लालभडक पानं पाहिली. घरापुढं साधारण अर्धा गुंठा मोकळी जागा आहे, माती काळी. तसा रंग देणारं कोणतं झाड लावावं? रोपवाटिकेत मेपल सुचवलं.
– एक वाचक, रुईकर कॉलनी, कोल्हापूर

उत्तर : मेपल घेऊ नका. चिनार आणि मेपलची पानं दिवस लहान होताना पडणाऱ्या गारठ्यानं रंगतात, आणि पुढं या झाडांना कडक थंडीची लांब विश्रांती लागते. कोल्हापुरात ती मिळत नाही, वर एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. आपल्याकडची पानगळ मुख्यतः जमिनीतली ओल आटल्यामुळं होते. म्हणून रंगही उशिरा, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत दिसतो.

तुमच्या जागेला तामण शोभेल. गळण्याआधी त्याची पानं तांबूस-लाल होतात, उन्हाळ्यात जांभळ्या फुलांचे घोस येतात. मुळात ओढ्याकाठचं झाड, त्यामुळं काळ्या मातीतली ओल त्याला मानवते. भिंतीपासून 10 फूट सोडून 2 फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यात काढा आणि उन्हात तापू द्या. भरताना मातीत दोन पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेणखत नकोच. त्यातून हुमणी येते आणि कोवळी मुळं खाते. रोप जूनमध्ये, पाऊस लागल्यावर लावा.

पहिली दोन वर्षं पाणी नियमित द्या. तिसऱ्या वर्षापासून दिवाळीनंतर पाणी तोडा. इथंच बहुतेकांचं चुकतं: हिवाळाभर पाणी आणि वर युरिया मिळाला, की पानं हिरवीच राहतात आणि रंग फिका पडतो.

सर्वांत गडद लाल देशी बदामाचा, पण त्याच्या आडव्या फांद्यांना चहूबाजूंनी 20 फूट तरी मोकळे हवेत. कुसुमाची मार्चमधली लाल पालवी अप्रतिम असते. ते झाड मात्र शेताच्या बांधावरच लावावं.

प्रश्न : फाटकाजवळची लालपत्ती डिसेंबर आला तरी हिरवीच आहे. खत कमी पडतंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खत नव्हे, फाटकावरचा दिवा. लालपत्तीला रंग धरायला रोज रात्री 12 तासांहून जास्त अखंड अंधार लागतो, तोही सलग आठ-दहा आठवडे. सप्टेंबरअखेरीपासून आपल्या रात्री तेवढ्या मोठ्या होतात, पण मध्येच दिवा लागला तर झाडाच्या लेखी ती रात्र मोडते. दिव्याला झाकण लावून उजेड दुसरीकडं वळवा. रस्त्यावरचा दिवा असेल तर संध्याकाळी 6 ते सकाळी 8 काळं जाड कापड घाला, नाहीतर पावसाळ्यात फांद्या लावून घरामागं नवं झाड करा.

छाटणी मार्चमध्ये, जमिनीपासून फूटभर ठेवून. शेंडे शेवटचे खुडायचे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यानंतर खुडले तर रंगणारे शेंडेच जातात. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातमोजे घाला.