तळटीप १७ मधला ‘तत्रैव’

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख परत आल्याचे कळले. ‘संदर्भ आमच्या शैलीनुसार करून पुन्हा पाठवावेत’ या एका ओळीने तू दोन दिवस घुम्यासारखी बसली आहेस म्हणे. लेख नाकारलेला नाही, हे आधी डोक्यात घे. कदाचित तो अजून कुणी नीट वाचलेलाही नसेल. संदर्भ विस्कटलेले दिसले की बरीच नियतकालिके परीक्षकांकडे जाण्याआधीच लेख परत धाडतात.

काल रात्री तुझ्या सगळ्या तळटिपा वाचल्या. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा ठसा कुठे, ही चिंता सोड. त्यांना संदर्भ देण्याची शिकागो पद्धत हवी आहे. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीत ती निवडलीस की पाच मिनिटांत सगळे रांगेत येते. उद्या दुसऱ्या कुणी एपीए पद्धत मागितली तर तीही तशीच निघेल. माझे भांडण वेगळे आहे. झोटेरोत तू जे भरले आहेस, तेच अर्धे आहे, आणि अर्धे म्हणजे बहुतेक दुसऱ्यांच्या संदर्भसूचीतून उचललेले. नाही म्हणू नकोस. एका ग्रंथाच्या नावातली छपाईची चूक मी ओळखते. ती ज्या प्रबंधात पहिल्यांदा झाली, तो मीच तपासला होता.

एक जुनी गोष्ट सांगते. १८८७ साली प्रागमधल्या यारोस्लाव्ह ह्लावा या डॉक्टरने चेक भाषेत लेख लिहिला. शीर्षक ‘ओ उप्लाव्हित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. त्याचा जर्मन गोषवारा देताना शीर्षकच लेखकाचे नाव म्हणून छापले गेले आणि डॉ. ओ. उप्लाव्हित्सी जन्माला आले. पुढे पन्नास वर्षे मोठमोठे शास्त्रज्ञ या गृहस्थांचा हवाला देत राहिले, कारण मूळ लेख कुणी उघडलाच नाही. शेवटी १९३८ मध्ये क्लिफर्ड डोबेल यांनी हा घोटाळा मांडला, तोही डॉक्टरसाहेबांच्या नावापुढे कंसात जन्ममृत्यूची साले घालून. आपल्याकडे असे होणार नाही असे वाटते? मग तुझी नववी नोंद बघ. तिथे ‘मंडळ, भा. इ. सं.’ नावाचे एक लेखक आहेत. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे तू आडनाव ‘मंडळ’ करून टाकलेस! झोटेरोत नावाच्या रकान्याशेजारी एक छोटे बटण असते. ते दाबले की आडनाव आणि नाव असे दोन तुकडे न होता नाव सलग राहते. संस्थांसाठी ते वापर. टोपणनावांसाठीही. कविता कुसुमाग्रजांच्या नावाखाली आणि नाटक शिरवाडकरांच्या, पुस्तकावर छापले आहे तसेच. सूचीत एकापासून दुसऱ्याकडे बोट दाखव म्हणजे झाले.

आता मुख्य दुखणे, तुझी साधने. तीन ठिकाणी तू पेशवे दफ्तरातला रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक दिला आहेस. तो रुमाल तू सोडून पाहिलास का? पाहिला असशील तर नुसता रुमाल देऊन भागत नाही. पुडके आणि कागदाचा क्रमांकही दे, नाहीतर तुझ्यामागून येणारा पोरगा अभिलेखागारात आठवडाभर धूळ खात बसेल. पाहिला नसशील आणि तो कागद सरदेसाईंनी संपादित केलेल्या खंडात वाचला असशील, तर खंडाचाच संदर्भ दे. त्यात कमीपणा काही नाही. छापताना एखादी ओळ गळली असेल, मोडीचा एखादा शब्द चुकीचा लागला असेल, तर तो दोष मग तुझ्या माथी येत नाही. दुसऱ्याच्या लेखात उद्धृत झालेला उतारा असेल तर सरळ ‘मध्ये उद्धृत’ लिही.

राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांबाबत मात्र एक सवय लाव: पानाबरोबर लेखांक, म्हणजे त्या कागदाचा खंडातला क्रमांक, द्यायचाच. पुनर्मुद्रणात पाने सरकतात, लेखांक हलत नाही. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतही गल्लत करू नकोस. आवृत्ती बदलली की मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात सहसा नाही. ही माहिती आतल्या शीर्षकाच्या पानामागे असते, कव्हरवर नव्हे. ग्रंथालयात पुस्तक हातात असतानाच त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. परत करून झाल्यावर तेच पुस्तक पुन्हा मिळवण्यात माझी किती वर्षे गेली असतील कोण जाणे.

शक सनाचे तू सरसकट ७८ मिळवून इसवी केले आहेस. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६, म्हणून १६७४ बरोबर येतात. पण शिवजन्म फाल्गुनातला, शके १५५१. तिथे ७८ मिळवलेस तर महाराज १६२९ साली जन्मतील! जानेवारी उजाडल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. महिना दिलेला नसेल तर दोन्ही साले तिरकी रेघ मारून लिही आणि मूळ शकही राहू दे.

सूचीचा अनुक्रमही एकदा डोळ्यांखालून घाल. युनिकोडमध्ये ‘ळ’ ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये जागा दिली आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर. त्यामुळे संगणकाने नुसत्या त्या क्रमाने लावले तर काळे हे कावळ्यांच्या आधी येतात. क्षीरसागर ‘क’ मध्ये की शेवटी, हे त्या नियतकालिकाचा मागचा अंक पाहून ठरव.

चॅटजीपीटीकडून संदर्भ घेतले नाहीस, हे गृहीत धरते. तो नसलेल्या पुस्तकांनाही प्रकाशक आणि पृष्ठांक देतो, आणि फार आत्मविश्वासाने देतो.

राहिला ‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्याच तळटिपेतला ग्रंथ’. त्याच्यावर माझा जुना राग आहे. माझ्या पहिल्या मोठ्या लेखात छपाईला देण्याच्या आदल्या रात्री मी मध्येच एक तळटीप घुसवली. तिच्याखाली ओळीने चार ‘तत्रैव’ होते. ते चारही त्या रात्रीत दुसऱ्याच ग्रंथाचे झाले आणि तसेच छापले गेले. मला कळले तेव्हा सहा वर्षे उलटली होती. एका अभ्यासकाने पत्र लिहून विनयाने विचारले, ‘बाई, हे वाक्य त्या ग्रंथात मला सापडत नाही.’ मी काय उत्तर देणार! शिकागोच्या २०१७ च्या आवृत्तीपासून त्यांनीही ‘तत्रैव’ च्या जागी लेखकाचे आडनाव, आखूड शीर्षक आणि पान असा संक्षिप्त संदर्भ सुचवला आहे. ‘उ. नि.’ (आधी उल्लेखिलेला ग्रंथ) चेही तेच कर. दोन शब्द जास्त लागतील, लागू देत.

सोमवारी येशील तेव्हा अभिलेखागारातली टिपणवही बरोबर आण. तळटीप १६ मध्ये दोन ग्रंथ आहेत. १७ मधला ‘तत्रैव’ त्यांतल्या कुणाचा, हे मला काल रात्री बारापर्यंत लागले नाही.

तुझी,
बाई