डीएनए लस त्वचेतच का देतात?

प्रश्न : ‘झायकोव्ह-डी’ ही अहमदाबादला तयार झालेली कोविडवरची डीएनए लस सुईने स्नायूत न टोचता त्वचेत देतात, असे वाचले होते. त्याने काय साधते?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ऑगस्ट २०२१ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजुरी मिळालेल्या या लशीत विषाणू नसतो, तर त्याचे एक प्रथिन बनवण्याची कृती सांगणारा डीएनएचा वर्तुळाकार रेणू, म्हणजे प्लाझ्मिड, असतो. तो पेशीच्या केंद्रकात पोहोचला तरच प्रथिन बनते, आणि खरी अडचण इथेच आहे. कारण साध्या सुईने स्नायूत टोचलेले बरेचसे डीएनए पेशींबाहेरच नष्ट होते. शिवाय परक्या प्रथिनाचे तुकडे लसिकाग्रंथींत नेऊन टी-पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी स्नायूत विरळ असतात, त्वचेत मात्र त्यांचे दाट जाळे असते. दंडावर टेकवलेल्या उपकरणातून द्रवाची अतिशय बारीक, वेगवान धार या जाळ्यातच शिरते. (सुईला भिणाऱ्यांची सोय झाली, हा वरकड फायदा.)

याहून नेमका मार्ग प्रयोगशाळांत शोधला जात आहे. डेंड्रायटिक पेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज ही शर्करा पकडणारे ग्राही असतात. म्हणून डीएनए वाहून नेणाऱ्या सूक्ष्म कणांना मॅनोज जोडले, तर त्या पेशी हे कण अधिक प्रमाणात आत ओढून घेतात. मात्र उंदरांत उत्तम ठरलेल्या डीएनए लशी माणसांत अनेकदा फिक्या पडल्या आहेत, तेव्हा अशा बातम्या थोड्या सबुरीनेच वाचाव्यात.